शक्यतो

महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुपारी चार वाजता मी वारसा सल्लागार समितीच्या बैठकीला जाते आणि साडेसहाला डोकं धरून बाहेर येते. अकरा वर्षं हेच चाललंय. समितीत आम्ही सात जण. मी वकील, म्हणून कायद्याची बाजू माझ्याकडे. मानधन नाही. चहा आहे, पण तो बैठक संपता संपता येतो आणि तोवर त्यावर साय धरलेली असते.

'सल्लागार' या शब्दातच सगळं आलं. यादीतली जुनी इमारत कुणाला पाडायची असेल तर पालिकेने आम्हाला विचारायचं, असा नियम आहे. घरातल्या थोरल्या आत्याला विचारतात तसं आम्हाला विचारतात, म्हणजे सगळं ठरवून झाल्यावर. तरी आमच्या हातात एक गोष्ट उरते. आम्ही 'हरकत आहे' असं लिहून दिलं की फाइल दोन-दोन वर्षं जागची हलत नाही, आणि 'हरकत नाही' लिहिलं की आठवड्यात इमारतीभोवती पाडकामाचे पत्रे लागतात. एवढ्यासाठी मी अकरा वर्षं सायीचा चहा पिते आहे.

घरी या समितीची थट्टाच होते. त्यातही माझ्या तोंडी बसलेल्या एका शब्दाची. "शक्यतो सातला येते," असं मी फोनवर म्हटलं की सासूबाई माझं ताट झाकून ठेवतात आणि माझा नवरा म्हणतो, "शक्यतो म्हणाली का? मग आपण बसू या." मुलीने तर लहानपणी शाळेच्या निबंधात लिहिलं होतं, 'माझी आई शक्यतो माझ्यावर रागावत नाही.' आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. वकिलाला असे शब्द लागतात, असं मी तेव्हा सगळ्यांना समजावलं होतं.

तर एका सकाळी बाइंडरकाका माझ्या ऑफिसात आले. सत्तरीचे गृहस्थ, उंच, बोटांच्या पेरांत वाळलेली खळ. तीस वर्षं माझे कायद्याचे अहवाल तेच बांधतात. समितीचं वर्षभराचं इतिवृत्तही त्यांच्याकडेच जातं आणि लाल कापडात, पाठीवर सोनेरी अक्षरं घेऊन परत येतं. पूर्वीच्या छापखान्याच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं काम चालतं. छापखाना कधीच बंद पडला. काका तेवढे राहिले.

त्यांनी खिशातून नोटीस काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"ताई, हे जरा वाचून सांगा. मला जे कळलं ते चुकीचं असावं, असं वाटतंय."

त्यांना बरोबर कळलं होतं. मालकाने इमारत पाडून तिथे सहा मजली वाहनतळ बांधायची परवानगी मागितली होती.

"तुम्ही आहात ना त्या समितीत?" काकांनी विचारलं.

"मी आहे ना. तुम्ही कशाला काळजी करता?"

"नाही, पुतण्याने बाहेरच्या रस्त्याला एक गाळा बघून ठेवलाय. चांगला आहे म्हणतो, उजेड आहे. पण उद्यापर्यंत हो-नाही सांगा म्हणतोय. दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

"खुशाल नाही म्हणून कळवा," मी म्हटलं. "तुमची इमारत यादीत आहे. यादीतल्या इमारतीला असा सहजासहजी हात लावता येत नाही."

वकिलाने हमी कधी देऊ नये, हे मी माझ्या ज्युनिअरना पहिल्याच दिवशी शिकवते. पण काकांनी लगेच नोटिशीची घडी घातली, ती खिशात ठेवली आणि तोंडभर हसले. त्या हसण्याने मला बरं वाटलं, हे कबूल करते.

बैठकीआधी मी आमच्या समितीतल्या वास्तुविशारद बाईंना घेऊन इमारत बघायला गेले. बाईंनी भिंतींना हात लावला, तुळया मोजल्या, वर जाऊन छताचे फोटो काढले. मी आपली काकांच्या कामाच्या खोलीत उभी राहिले. समोरच्या भिंतीत तीन उंच खिडक्या, त्यांतून येणारा उजेड थेट शिलाईच्या चौकटीवर. काका दोरा मेणाच्या गोळ्यातून ओढत होते आणि एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, शिवत होते. खोलीच्या मध्यावर त्यांचं कटिंग मशीन. बिडाचं, काळं, माझ्या खांद्याइतकं उंच, वर मोठं चाक.

"हे आत कसं आणलं हो?" मी विचारलं. दार अगदीच अरुंद होतं.

"आणलं नाही. हे आधीपासून इथेच आहे," काका म्हणाले. "आधी मशीन ठेवलं, मग भिंत उठवली. माझे उस्ताद सांगायचे." आणि ते पुन्हा शिवायला लागले. मला ती गंमत वाटली. मी ती वहीत टिपूनसुद्धा घेतली, अर्जाला उत्तर लिहिताना शोभेल म्हणून.

मंगळवार उजाडला. मालकाच्या बाजूने वकील म्हणून कोण उभा राहावा? माझाच जुना ज्युनिअर. सहा वर्षं माझ्या ऑफिसात होता. अर्ज कसा लिहावा, साक्षीदाराला कसं बोलतं करावं, समोरच्याचा शब्द त्याच्याच गळ्यात कसा अडकवावा, हे सगळं माझ्याच टेबलाशी शिकलेला. आल्याबरोबर वाकून म्हणाला, "मॅडम, तब्येत कशी आहे?" तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मी वीस मिनिटं बोलले. छत सांगितलं, तुळया सांगितल्या, मशीनची गोष्ट सांगितली. वास्तुविशारद बाईंनी फोटो फिरवले. अध्यक्ष, म्हणजे आमचे निवृत्त अभियंता साहेब, चष्मा पुसत होते. व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी मोबाइल मांडीवर धरून बघत होते. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते मी दर महिन्याला ओतते, त्यामुळे मला त्याची सवय आहे.

मग तो उठला. दोन मिनिटंही बोलला नाही.

"नियम सात वाचतो. 'यादीतील वास्तूचे मूळ स्वरूप शक्यतो कायम ठेवावे.' मॅडमनी इमारतीचं जे वर्णन केलं ते सगळं मला मान्य आहे. प्रश्न इतकाच, की हे शक्य आहे का? माझ्या अशिलाला ते शक्य नाही. छत गळतंय, दुरुस्ती झेपत नाही, तसं त्यांनी शपथेवर लिहून दिलंय. नियमाचा भंग कुठे होतोय ते मला कुणी दाखवावं."

"'शक्यतो' याचा अर्थ 'मालकाला वाटलं तर' असा होत नाही," मी जवळजवळ ओरडलेच. "होता होईल तो प्रयत्न केला पाहिजे, असा त्याचा अर्थ आहे!"

"वकीलबाई," साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, "त्याचा अर्थ आम्ही तुम्हालाच विचारायला हवा. शब्द तुमचाच आहे."

"माझा?"

"लिपिक, तो पहिला खंड काढा जरा."

लिपिकाने कपाटातून लाल खंड काढला. साहेबांनी पानं उलटली, हवं ते पान सापडल्यावर खंड टेबलावर उताणा टाकला आणि पान सपाट बसावं म्हणून वरून तळहाताने दाबला. कट् असा आवाज झाला. खंडाची पाठ मोडली. कुणाचं तिकडे लक्षही गेलं नाही. साहेब वाचत होते: "'नियम सात फार कडक असल्याची हरकत तीन सदस्यांनी घेतली. वकील सदस्यांच्या सूचनेवरून कायम या शब्दापूर्वी शक्यतो हा शब्द घालण्यात आला. नियम एकमताने मंजूर. सदस्यांनी वकील सदस्यांचे अभिनंदन केले.'"

मला ती संध्याकाळ लख्ख आठवली. समितीची पहिलीच बैठक. तिघे जण अख्खा नियमच उडवायला निघाले होते, आणि घड्याळात साडेसहा वाजले होते. मी म्हटलं, एक शब्द घालू, सगळ्यांचं समाधान होईल. दगडापेक्षा वीट मऊ. तीन अक्षरांत मी नियम वाचवला होता. टाळ्या वाजल्या होत्या. त्या दिवशी मी घरी जाऊन नवऱ्याला ते दोनदा सांगितलं होतं.

आणि त्या तीन अक्षरांतून अकरा वर्षांत काय काय गेलं! अग्निशमन केंद्राचा मनोरा गेला. नदीकडचं पंपघर गेलं. मुलींच्या जुन्या शाळेचा लोखंडी जिना गेला. दर वेळी कुणीतरी 'शक्यतो'वर बोट ठेवलं आणि दर वेळी मी घरी येऊन समितीला शिव्या घातल्या. तो शब्द कुणी घातला हे मी सोयीस्करपणे विसरले होते. बाकी कुणी विसरलं नव्हतं.

मतदान झालं. हरकत नाही, असं म्हणणारे चार, हरकत आहे म्हणणारे तीन. मी हट्टाला पेटले. "निदान समोरची भिंत तरी ठेवा. तीन खिडक्यांची दर्शनी भिंत. वाहनतळ मागे बांधा." यावर अर्धा तास घासाघीस झाली. ज्युनिअरने मालकाला फोन लावला आणि शेवटी मान हलवली. ठराव झाला: 'इमारत पाडण्यास हरकत नाही. दर्शनी भिंत शक्यतो राखावी.'

"तो शब्द काढा," मी म्हटलं.

"राहू द्या हो," साहेब म्हणाले, "घरी जायचंय." तेवढ्यात चहा आला.

घरी सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता ओळखलं. मी सगळं सांगितलं, शब्दासकट. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा." नवऱ्याने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. मी जेवले नाही. राग नेमका कुणाचा आलाय हेच कळत नव्हतं, म्हणून मी तो ज्युनिअरवर काढला. सहा वर्षं ज्याला शिकवलं त्याने असं करावं का, वगैरे. नवरा म्हणाला, "शिकवलंस चांगलं, असं दिसतंय." त्यावर मी उठून गेले.

काकांकडे जायला मला नऊ दिवस लागले. वाटेत वाक्यं जुळवत गेले. वकील आहे, मला वाक्यं जुळवता येतात.

काका बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायच्या लाकडी दाबात एक पुस्तक आवळत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुसलं. मी बसले आणि बोलायला लागले. बहुमतच नव्हतं, काका. चार विरुद्ध तीन. अध्यक्षांना इमारती म्हणजे सिमेंटच्या गोणी वाटतात. व्यापाऱ्यांचा माणूस मालकाच्या ओळखीतला. आणि मालकाचा वकील तर असला निघाला, काय सांगू. एकेकाचं नाव घेऊन मी सगळ्यांना धुऊन काढलं. काका दाबाची मूठ हळूहळू फिरवत होते. मध्ये फक्त एकदा म्हणाले, "असं का?"

"पण एक केलं," मी म्हटलं. "भांडून समोरची भिंत वाचवली. तुमच्या या तीन खिडक्या राहणार."

काकांचा हात थांबला.

"ही भिंत राहणार?"

"हो! शेवटच्या क्षणी मिळवलं मी ते."

"ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तीस वर्षांत असा ऐकला नव्हता, "मशीन ह्याच भिंतीतून बाहेर निघणार होतं. मागे आणि दोन्ही बाजूंना दुसऱ्यांच्या भिंती आहेत. हा सांगाडा अखंड ओतलेला आहे, सुटा होत नाही. दारातून निघत नाही. मी कंत्राटदाराला विचारून ठेवलं होतं, खिडकीखालची भिंत फोडली की दीड तासात बाहेर. परवा येऊन तो म्हणाला, भिंतीला हात लावायचा नाही, समितीचा ठराव आहे. वरचं छत खाली येईल ते ह्याच्यावरच येईल. नाहीतर घणाने तुकडे करून न्या म्हणाला."

मी त्यांच्याच तोंडून, माझ्याच वहीत ते लिहून घेतलं होतं. आधी मशीन ठेवलं, मग भिंत उठवली. गंमत म्हणून लिहून घेतलं होतं.

"आणि पुतण्याचा गाळा?" मी विचारलं.

"तो गेला. त्याच्या मागे पत्र्याची शेड आहे, ती मिळतेय. दोन बस बदलून जावं लागेल. उजेड नाही, पण दिवा लावता येतो. मशीन असतं तर चाललं असतं."

मी खाली बघत बसले. तेव्हा मला दाबातलं पुस्तक दिसलं. लाल कापड. आमचा पहिला खंड. साहेबांनी मोडलेली पाठ काढून काकांनी नवी लावली होती. लिपिकाने दुसऱ्याच दिवशी दुरुस्तीला पाठवला असणार. म्हणजे मी इथे बसून सगळ्या जगाला धुऊन काढत होते तेव्हा तो खंड माझ्यापासून हातभर अंतरावर होता.

"काका, तुम्ही वाचलंत," मी म्हटलं.

"पाठ जिथे मोडते तिथलं पान आपोआप समोर येतं. पण मी ते तेव्हाच वाचलं होतं, पहिल्यांदा बांधलं तेव्हा."

"अकरा वर्षांपूर्वी?"

"मी बांधतो ते सगळं वाचतो, ताई. दुसरं काय करणार?" त्यांनी खळीचा हात फडक्याला पुसला. "म्हणून तर नोटीस घेऊन तुमच्याकडे आलो. म्हटलं, शब्द त्यांनी घातलाय, त्यांना तो काढताही येईल. दरवर्षी खंड आला की मी बघायचो. मनोरा गेला, पंपघर गेलं. म्हटलं यंदा तरी ताई म्हणतील, तो शब्द काढा. तसं कुठे दिसलं नाही." आणि मग त्यांनी विचारलं, चिडून नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं: "कधी सुचवलंच नाहीत का?"

उलटतपासणीत मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. आज तपासणी माझी होती. मनोऱ्याच्या वेळी मला राग आला, पंपघराच्या वेळी आला, जिन्याच्या वेळी तर मी रडले होते. एका ओळीचा अर्ज मात्र मी कधी केला नाही. शब्द काढायचा तर तो का घातला, हे सांगावं लागलं असतं. ज्या शब्दाला टाळ्या मिळाल्या तो चुकला होता, हे मला सात माणसांसमोर म्हणायचं नव्हतं. इतकंच कारण होतं. मला स्वतःची मनापासून लाज वाटली.

"चुकलं माझं, काका," मी म्हटलं. "नाही म्हणून कळवा, असं मीच तुम्हाला सांगितलं. आज आल्यावरही मी खोटंच बोलले."

"खोटं नाही," काका म्हणाले. "शक्यतो खरं."

ते हसले नाहीत. मीही नाही.

पुढच्या महिन्याच्या मंगळवारी मी दोन प्रस्ताव घेऊन गेले. पहिला, नियम सातमधला 'शक्यतो' हा शब्द काढून टाकावा. मी उभी राहून सांगितलं, हा शब्द माझा, ही चूक माझी, तिने काय काय गेलं त्याची ही यादी. मग साहेब म्हणाले, विषय गंभीर आहे, घाईत नको, अभ्यास व्हायला हवा. व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींनी मान डोलावली. लिपिकाने वहीत लिहिलं आणि मला दिलासा दिला, "मॅडम, पुढच्या वेळी विषयपत्रिकेवर शक्यतो घेतो."

दुसरा प्रस्ताव जुन्या छापखान्याच्या दर्शनी भिंतीचा होता. काका शेडमध्ये गेले होते, मशीन अजून आतच होतं. मागच्या ठरावात बदल करून ती पाडायला समितीने परवानगी द्यावी. वास्तुविशारद बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मालकाच्या वतीने आलेला माझा ज्युनिअर उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडमचे मनापासून आभार." साहेबांना प्रथमच माझं बोलणं पटलं. चर्चा नाही, हरकत नाही. सगळं मिळून दोन मिनिटं. अकरा वर्षांत माझा एकमताने मंजूर झालेला हा दुसरा ठराव. पहिला त्या शब्दाचा होता.

लिपिक लिहिता लिहिता थांबला. "मॅडम, 'दर्शनी भिंत शक्यतो पाडावी', असं लिहू का? तुम्ही नेहमी घालता म्हणून विचारलं."

"नको," मी म्हटलं. "दर्शनी भिंत पाडावी. एवढंच लिहा."

त्याने तसं लिहिलं. मग विचारलं, की यंदाचं इतिवृत्त बांधायला कुणाकडे द्यायचं, कारण बाइंडर आता लांब गेलेत आणि तिकडे कोण जाणार. मी म्हटलं, मी घेऊन जाईन, दोन बस बदलून. ते काकांकडेच जाईल आणि बांधताना काका ते वाचतील. ताईंच्या वाक्यात पहिल्यांदाच तो शब्द नाही, हे त्यांच्या लक्षात येईल. आणि ते वाक्य कशाचं आहे, तेही.